कुठल्या सेक्टरचे तुम्ही?

चंडीगडमध्ये ओळख झाली की पुढचाच प्रश्न येतो, ‘कौन सा सेक्टर?’ तुम्ही आकडा सांगता आणि समोरचा तुमचं घर, गाडी, ऐपत मनातल्या मनात मांडून मोकळा होतो. आकडा जितका लहान, माणूस तितका मोठा, असा तिथला हिशेब.

नावगाव कोण विचारतो?

सेक्टर हा शब्द तसा सगळीकडे राबणारा. १९९९ च्या कारगिल युद्धात द्रास सेक्टर आणि बटालिक सेक्टर घरोघरी पाठ झाले. अर्थसंकल्पात तो पब्लिक किंवा प्रायव्हेट, बँकेच्या कर्जात प्रायॉरिटी. विमान कंपनीला मुंबई–चंडीगड हाही सेक्टरच. भूमितीच्या मराठी पुस्तकात मात्र तो वर्तुळपाकळी होतो.

मूळ लॅटिन धातूचा अर्थ कापणे. सरहद्द कापा, अर्थव्यवस्था कापा, वर्तुळ कापा. पण शहर कापायचं ते कशासाठी?

चंडीगडकडे याचं चोख उत्तर होतं. १९५१ मध्ये वास्तुकार ल कार्बुझिए आला, आणि सेक्टर ठरला ८०० मीटर बाय १२०० मीटरचा. आत शाळा, दवाखाना, दुकानं, हिरवा पट्टा. सगळं पायी गाठता येईल असं. वेगवान रस्ता सेक्टरच्या बाहेरून. त्या रस्त्यावर एकाही घराचं दार उघडायचं नाही, हा दंडक.

कापायचं होतं ते माणसाला गाडीपासून.

कापली गेली माणसं माणसांपासून. उत्तरेला प्रशस्त बंगले आणि हिरवळ, दक्षिणेला सरकावं तशी दाटी. पहिल्या टप्प्यातले १ ते ३० सेक्टर दीड लाख लोकांसाठी, त्यापुढचे साडेतीन लाखांसाठी. एकूण पाच लाखांचं शहर. २०११ च्या जनगणनेत चंडीगडची लोकसंख्या भरली साडेदहा लाख.

वरच्या साडेपाच लाखांचा सेक्टर कुठला?

सेक्टर ४५ मध्ये बुडैल हे जुनं गाव आजही आहे. सरळ रेघांच्या शहरात वाकड्यातिकड्या गल्ल्या, एकावर एक चढलेल्या खोल्या. नकाशात जागा न मिळालेल्या अनेकांना आसरा दिला तो अशा गावांनी.

१० जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं पहिल्या ३० सेक्टरांमधल्या घरांचे फ्लॅट करायला मनाई केली. वारसा जपलाच पाहिजे, निकाल योग्यच आहे. पण वारसा म्हणजे फक्त विटा आणि काँक्रीट? पायी पोहोचता येईल अशी शाळा, हा त्याच वारशाचा गाभा नव्हे का?

आता आपल्या अंगणात या. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० ची. वाशी, नेरूळ, खारघर, जिथं तिथं सेक्टर, आणि प्रत्येक नोडचा, म्हणजे उपनगराचा, सेक्टर १ वेगळा. रिक्षावाल्याला नुसतं ‘सेक्टर १७’ सांगा, तो आधी विचारणार, ‘वाशीचा का?’ निगडीच्या प्राधिकरणातही तेच आकडे.

आकडे उचलणं सोपं. आकड्यामागचा विचार उचलला का?

नकाशावर शाळेचा भूखंड असतो, मैदानाचा असतो. प्रत्यक्षात त्या मैदानाला कुलूप कुणाचं आहे? शाळेची फी त्या सेक्टरमधल्या मोलकरणीला परवडते का? फुटपाथवरून आजोबा चालू शकतात, की तिथं गाड्या लागल्यात?

यातलं एकही उत्तर जाहिरातीच्या पत्रकात सापडणार नाही. तिथं फक्त स्टेशन किती मिनिटांवर ते लिहिलेलं असतं, तेही गाडीनं.

म्हणून नवा विकास आराखडा हरकती-सूचनांसाठी खुला झाला, की नकाशा उघडा आणि एकच गोष्ट तपासा. सात वर्षांचं पोर मोठा रस्ता न ओलांडता शाळेत पोहोचतं का?

नसेल पोहोचत, तर मुदतीत लेखी हरकत घ्या आणि पोच मागून घ्या. रस्ता झाल्यावर गतिरोधकासाठी मोर्चा काढण्यापेक्षा हे केव्हाही स्वस्त.