दोन किलोंत डीजे : मुक्ताईनगर परिसरातील होतकरूंसाठी

ही मार्गदर्शिका कोणासाठी, ते आधी सांगणे बरे. ज्यांनी आजवर टेम्पोमागे उभे राहून दुसऱ्याच्या डीजेच्या वायरी धरल्या आणि आता लॅपटॉप व छोटा कंट्रोलर घेऊन घरच्या हळदीला, मित्राच्या साखरपुड्याला स्वतः वाजवायचे ठरवले आहे, त्यांच्यासाठी. ज्यांना गाडीवर बॉक्सची भिंतच उभी करायची आहे त्यांनी पुढे वाचू नये. त्यांना आरटीओ मार्गदर्शन करील.

खरेदी

जळगावला गोलाणी मार्केटमध्ये जावे. एकटे जावे. सोबत मावसभाऊ नेला तर त्याच्या ओळखीच्या दुकानात चहा होतो, हेडफोन होतो, मोबाइलचे कव्हर होते, कंट्रोलर राहतो.

घ्यायचा तो दोन चॅनलचा. चार चॅनलचा कंट्रोलर नवशिक्याने घेऊ नये, कारण एका वेळी दोन गाणी सांभाळताना जिथे घाम फुटतो तिथे उरलेली दोन चॅनले फक्त धूळ धरतात. पायोनियर डीजेचा 2018 सालचा डीडीजे-400 जुन्यात चांगला मिळाला तर घ्यावा, नवा हवा असेल तर त्याच घरातला डीडीजे-एफएलएक्स4. दोघांचेही वजन 2.1 किलो. तुलनेसाठी सांगतो : जगभरच्या डीजेंनी ज्या टेक्निक्स एसएल-1200 तबकड्यांवर हात बसवला, ती 1972 सालापासूनची मालिका. तिचे एकेक यंत्र दहा किलोंच्या पुढचे. अशी दोन लागायची, वर मिक्सर, वर रेकॉर्डांच्या पेट्या. तुम्हाला दप्तर पुरते. मात्र दप्तर पुरते हे लग्नघरी कळू देऊ नये. कारण शेवटी येईल.

लॅपटॉपची समजूत

लॅपटॉप हा मुळात कार्यालयीन प्राणी आहे. त्याला मांडवाची सवय नसते, ती लावावी लागते. झाकण मिटले तरी झोपायचे नाही, हे सेटिंगमध्ये जाऊन त्याला बजावावे. विंडोजचे अपडेट आधीच थांबवून ठेवावे. नवरी स्टेजवर चढत असताना निळ्या पडद्यावर टक्के मोजत बसलेला डीजे फारसा भारदस्त दिसत नाही. वायफाय बंद. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे कंट्रोलरकडे फक्त डीजेच्या सॉफ्टवेअरचा आवाज जाऊ द्यावा, बाकीचे आवाज लॅपटॉपच्या स्वतःच्या स्पीकरवर सोडावेत. नाहीतर ‘कपास विकला का’ असा भावाचा मेसेज आला की त्याची टिंग अठरा इंची बेसमधून साऱ्या गावाला ऐकू जाते.

उष्णतेचे काय? मॅकबुकसाठी कंपनी 10 ते 35 अंशांच्या दरम्यान काम करा म्हणते. आखाजीच्या सुमारास आपल्याकडचा पारा पंचेचाळिशीशी खेळत असतो. म्हणजे कंपनीच्या हिशेबाने खान्देशात लग्नसराई अस्तित्वातच नाही. उपाय एवढाच की टेबल सावलीत घ्यावे, लॅपटॉपखाली दोन विटा ठेवून हवा खेळती ठेवावी, आणि कूलरच्या थेट तोंडासमोर मात्र बसू नये. डेझर्ट कूलर हवेबरोबर तुषारही देतो. ते वऱ्हाडाला मानवतात, यंत्राला नाही.

गाणी भरणे

चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना कोरे पत्र धाडले आणि ते पाहून मुक्ताबाई म्हणाल्या, चौदाशे वर्षे जगला तरी कोराच राहिला. ही कथा आपल्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ असते. तापी-पूर्णेच्या संगमावर ते चांगदेव गाव उभे असताना तुम्ही रिकामा लॅपटॉप घेऊन, ‘नेटवरून लावू की’ म्हणत मांडवात गेलात, तर तेच ऐकाल. भाषा तितकी सौम्य नसेल.

गाणी डिस्कवरच हवीत. पण कोणती, हे पत्रिका पाहून ठरवावे. आपला तालुका तीन वाटांवर बसला आहे. वऱ्हाड बऱ्हाणपूरकडून येणार असेल तर हिंदीचा गठ्ठा जाड ठेवावा. मलकापूरकडून येणार असेल तर वऱ्हाडी माणसे आधी जेवतात, मग नाचतात. घाई करू नये. शिरपूर-शहाद्याकडचे पाहुणे असतील तर टिमली हवीच, आणि ती एकदा सुरू झाली की मधे थांबवायची हिंमत करू नये, कारण हातात हात गुंफलेली पन्नास माणसे एकाच वेळी तुमच्याकडे बघतात. तुमच्या घरी लेवा बोली असो की तावडी, नाचायला मात्र अहिराणीच लागते. यावर वाद घालणारे काका पहिल्या अहिराणी गाण्याला सर्वांत पुढे असतात.

फोल्डर गायकाच्या नावाने करू नयेत, प्रसंगाच्या नावाने करावेत : हळद, मांडव, वरात, जेवणे, ‘पोरी नाचतात’, ‘मामा नाचतात’. शेवटचे दोन कधीही एकत्र करू नयेत.

फुकटात उतरवलेल्या रिमिक्सबद्दल एक इशारा. ‘न्यू खान्देशी फुल बास’ आणि पुढे दोनदा कंसात एक अशा नावाच्या फाइलमध्ये गाणे रंगात आले की मधेच एक घोगरा आवाज दुसऱ्याच कुठल्या डीजेचे नाव, गाव आणि कधीकधी मोबाइल नंबर सांगतो. तुमच्या टेबलावर, तुमच्या विजेवर, त्याची जाहिरात. पुढच्या लग्नाची सुपारी त्यालाच जाते. म्हणून प्रत्येक गाणे घरी पूर्ण ऐकावे. सॉफ्टवेअरकडूनही सगळ्या गाण्यांची तपासणी आदल्या रात्रीच करून घ्यावी, मांडवात नव्हे.

सिंकचे बटण

दाबावे. लाजू नये. जुने लोक नाके मुरडतील, आम्ही कानाने ठोके जुळवायचो म्हणतील. ते खरेही आहे. पण हे बटण काय करते ते समजून दाबावे. सॉफ्टवेअर आधी गाण्यातले ठोके मोजून त्यावर रेघांची जाळी आखते, आणि सिंक दाबले की एका जाळीवर दुसरी बसवते. आजची अहिराणी गाणी संगणकावरच्या तालावर बांधलेली असतात, त्यांची जाळी सरळ बसते. कॅसेटच्या काळातले गाणे घ्या. तिथे ढोलकी माणसाने वाजवलेली असते, आणि कडवे रंगले की माणूस किंचित पुढे पळतो. यंत्राला वाटते ताल ठरल्या जागी आहे; तो नसतो. दोन्ही गाणी मग मांडवात एकमेकांना ढुशा देत चालतात. हलगी-संबळ असेल तर यंत्र पुष्कळदा निम्मी किंवा दुप्पट गती धरते, म्हणजे सत्तरच्या जागी एकशेचाळीस. अशा गाण्यांना सिंक लावूच नये. पहिल्या ठोक्यावर क्यूची खूण करून ठेवावी, चालू गाण्याची ओळ संपताच आवाज खाली ओढावा आणि नवे गाणे खुणेवरून सोडावे. याला मिक्सिंग म्हणत नाहीत, पण नाचणारा पाय चुकत नाही.

दोन गाणी एकत्र चालवायची असतील तर दोघांचा बेस एकदम वर ठेवू नये. येणाऱ्याचा बेस खाली, जाणाऱ्याचा वर, मग अदलाबदल. आणि ठोके हेडफोनमध्येच जुळवावेत. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर चालतो, म्हणजे मैदानाच्या टोकाला 17 मीटरवर ठेवलेल्या बॉक्सचा ठोका तुमच्या कानाला सेकंदाच्या विसाव्या भागाने उशिरा पोचतो. त्याच्यावर भरवसा ठेवून जुळवलेले गाणे तेवढेच मागे राहते.

जोडणी

कंट्रोलरच्या पाठीमागे लाल-पांढरी जोडी असते, तिथून मिक्सरला. ही वायर आखूड ठेवावी, लांब केली की गुणगुण गोळा करते. चार्जर लावल्यावर घूंऽऽ असा आवाज आला तर क्षणभर चार्जर काढून पाहावा. आवाज गेला तर दोष अर्थिंगच्या फेऱ्यात आहे, मधे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावावा. गेला नाही तर साउंडवाल्याला हाक मारावी. तो जेवायला गेलेला असतो.

लाइट गेली तर? इथे लॅपटॉपचा एक खोडसाळपणा ध्यानात ठेवावा. त्याला बॅटरी असते, अँप्लिफायरला नसते. मांडव चिडीचूप होतो, पण गाणे तुमच्या पडद्यावर चालूच राहते. जनरेटर सुरू होतो तेव्हा थेट तिसऱ्या कडव्यातून उसळते. अंधार पडताच पहिला हात पॉजवर जावा आणि दुसरा मास्टरच्या आवाजावर. मास्टरची पट्टी लाल होऊ देऊ नये, हेही याच ठिकाणी सांगतो. लाल म्हणजे जोरात नव्हे. लाल म्हणजे आवाजाची टोके छाटली जातात आणि भाड्याने आणलेल्या ट्वीटरची भरपाई तुमच्या नावावर चढते.

कंट्रोलरवर एक पारदर्शक कव्हर अवश्य घ्यावे. परदेशी माहितीपुस्तकांत धुळीचा उल्लेख असतो, अक्षतांचा नसतो. फेडरच्या फटीत रंगीत तांदूळ अडकला की फेडर वर जातो, खाली येत नाही. हळदीच्या दिवशी तर पिवळे बोट उगारून पॅडकडे धावणारी भाचरे असतातच.

फर्माईश

नाही म्हणू नये. ‘लावतो भाऊ, पुढचंच’ एवढेच म्हणावे. एका वेळी सात जणांना ‘पुढचंच’ सांगता येते. नवरदेवाचा मित्र स्वतः येऊन कीबोर्डला हात घालू लागला तर त्याला तोंडभरून हसून ‘भो, पासवर्ड आहे’ म्हणावे. पासवर्ड कशाला आहे हे विचारण्याच्या स्थितीत तो सहसा नसतो. नवरदेवाच्या आत्याने मागितलेले गाणे मात्र खरोखर पुढचेच लावावे.

माइकपुढे डीजे कायम दुय्यम. ‘भो, मंगलाष्टकं सुरू करू राह्यले, बंद कर!’ असा आवाज येण्याआधीच बंद करावे. पुढाऱ्यांचा सत्कार सुरू झाला की सनईचा तुकडा लूपवर टाकून निवांत वरण-बट्टी जेवून यावे. वेळ पुरतो.

कायदा

1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 गाडीत मनमानी फेरफार करायला मनाई करते. टेम्पोवरच्या भिंतीला हेच आडवे येते. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचेही कलम 52 च. त्यातले एक पोटकलम लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेल्या समारंभांत गाणी वाजवणे हा भंग मानत नाही. दोन्ही कलमे पाठ असावीत, पण कोणासमोर कोणते म्हणायचे यात गल्लत नको. साखरपुड्याच्या नावाखाली दुकानाचे उद्घाटन वाजवले तर दुसरे कलम उपयोगी पडणार नाही.

2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार वस्तीत दिवसा मर्यादा 55 डेसिबल. एवढा आवाज मांडवात जावईबापू नुसते बोलू लागले तरी होतो, त्यामुळे यावर फार न लिहिलेले बरे. परवानगी मात्र लेखी घ्यावी, आणि रात्री दहाला उघड्यावर बंद म्हणजे बंद. शेवटचे गाणे पावणेदहालाच जाहीर करावे, कारण शेवटची गाणी तीन असतात.

मोबदला

टेम्पोच्या काळात भाव बॉक्सवर ठरायचा : इतके बेस, इतके टॉप, इतके पैसे. तुम्ही दप्तरातून दोन किलो काढून टेबलावर ठेवता आणि मुलीचे काका विचारतात, ‘बाकीचं कुठंय?’ लायब्ररी, तपासणी, क्यू हे त्यांना समजावत बसू नये. भंगारातून एक मोठा अँप्लिफायर रॅक आणावा, टेबलाशेजारी उभा करावा, त्याच्या दिव्यांना बारा व्होल्ट द्यावेत आणि दर अर्ध्या तासाने वाकून त्याची एखादी कळ फिरवावी. आतून काही जोडू नये. जनरेटरचे डिझेल वेगळे लावावे.