गिटारची जवारी

डोंबिवलीत कुणी तंबोरा घरी आणला तर शेजारी चपला बाहेर काढून बघायला येतात. इलेक्ट्रिक गिटार आणली तर सोसायटीचे सेक्रेटरी येतात. आमच्याकडेही आले. ॲम्प्लिफायरकडे बॉम्बशोधक पथकाच्या नजरेने बघत म्हणाले, "हे मुलीसाठी ना?" मी "हो" म्हणालो. मुलगी पुण्यात असते.

गिटार ऑनलाइन मागवली होती. खोक्यातून काढायची, वायर खुपसायची आणि वाजवायची, एवढीच माझी तयारी. पण जाड तार छेडली की सुरामागोमाग एक झर्रर्र यायचं. नेमकी त्याच वेळी आत्या आली. आत्या गाण्यात विशारद. डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, "काय सुरेख जवारी काढलीय रे! मिरजेला केलीस?"

या झर्रर्रसाठीच तर मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जन्म खर्ची पडतात. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा कानसीने घासत असा बेताचा उतार आणतात, की तार त्याला अलगद स्पर्शत राहते आणि सूर उमलतो. एकोणिसाव्या शतकात हत्यारं घडवणाऱ्या शिकलगारांनी हे काम हाती घेतलं. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. घासल्याशिवाय वाद्य वाद्य होत नाही, हे तिथल्या पोरासोरांना ठाऊक. गिटारमध्ये मात्र हेच झर्रर्र म्हणजे दुखणं: तार पुढच्या फ्रेटवर आपटत असते. हे मी आत्याला सांगितलं नाही. कौतुक कोण घालवणार?

खोक्यात एक ॲलन की होती. ॲलन की हातात आली की बँकेतल्या माणसालाही आपण इंजिनिअर असल्याचा भास होतो. गिटारच्या मानेत ट्रस रॉड नावाची लोखंडी सळई असते. तारांच्या ओढीने मान किती वाकायची, ते ती ठरवते. एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नये आणि मग लाकडाला सावरायला वेळ द्यावा, असा नियम. मी अर्धा फेरा फिरवला आणि चहा उकळेपर्यंत वेळ दिला. मग ब्रिजवरचे सॅडलही उचलले. झर्रर्र गेलं. पण तारांखालून बॉलपेनची रिफिल सरकली असती. म्हणजे सरकलीच, मी सरकवून बघितली.

शेवटी गिटार पाठीवर मारून ठाण्याची लोकल पकडली. डब्यात भजनी मंडळ होतं. टाळवाल्या काकांनी मोठ्या प्रेमाने साथीला बोलावलं. याला आवाजासाठी वेगळं यंत्र लागतं, असं मी सांगितल्यावर दिव्यापर्यंत ते माझ्याकडे दयेने बघत होते.

नौपाड्यातला गिटार दुरुस्त करणारा मुलगा माझ्या निम्म्या वयाचा. पहिला फ्रेट दाबून, मानेला डोळा लावून त्याने विचारलं, "काका, याला कोणी हात लावलाय का?"

"कुरिअरवाल्याने," मी म्हणालो.

तो काही बोलला नाही. मान सरळ केली, सॅडल उतरवले, मग एकेक तार मोकळी आणि बाराव्या फ्रेटवर दाबून ट्यूनरवर ताडून पाहिली. बारावा फ्रेट तारेच्या मध्यावर, तिथे बरोबर वरच्या सप्तकातला तोच सूर मिळायला हवा. पण दाबल्यावर तार ताणली जाते आणि सूर चढतो, म्हणून प्रत्येक सॅडल थोडाथोडा मागे घ्यावा लागतो. सहा तारा, सहा वेगळी अंतरं. हे काम तो इतक्या शांतपणे करत होता की मलाच घाम फुटला.

"तारा नऊच्या टाकू?" नऊच्या म्हणजे बारीक, इंचाच्या हजार भागांपैकी नऊ.

"छे, दहाच्याच," मी बाणेदारपणे म्हणालो.

त्याने माझा हात उलटा करून बोटांची टोकं बघितली. "नऊच्या टाकतो."

मग वाजवून बघायला सांगितलं. बाकावर क्लासची मुलं बसलेली. मला येणारा एकमेव जी कॉर्ड धरून मी जोरात हात फिरवला. खोलीत झर्रर्र घुमलं. "अजून येतंय बघ!" मी विजयी स्वरात म्हणालो.

"काका, ती तार तुम्ही दाबलेलीच नाहीये."

मुलांनी सभ्यपणे मोबाईलमध्ये माना घातल्या. पैसे दिले, गिटार पिशवीत घातली. पावसाळ्यात लाकूड दमट होऊन मान पुन्हा हलेल, तेव्हा ऑक्टोबरात एकदा आणा, असं तो म्हणाला. मी चपला घालत होतो.

"आणि काका, ती ॲलन की इथेच ठेवून जा."

खिशातच होती.