टाकी, तात्या आणि तर

आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, हे वाक्य फेकणाऱ्याने आत्याबाईंकडे एकदाही निरखून पाहिलेलं नसतं. अट आधी तपासावी आणि तोंड मग उघडावं, हे मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, पौडच्या पुढच्या आमच्या वाडीत, एका पाण्याच्या टाकीने शिकवलं.

मुळशी तालुका दोन टोकांचा. एका टोकाला हिंजवडी, तिथे लोक पगारासाठी संगणकात ‘इफ’ लिहितात. दुसऱ्या टोकाला ताम्हिणी, तिथे पाऊस कसलंही जर-तर न करता कोसळतो. मी नोकरी पहिल्या टोकाला करतो आणि आठवड्यातले तीन दिवस वाडीतल्या पडवीत लॅपटॉप उघडून बसतो. समोर तात्यांची, म्हणजे माझ्या चुलत्यांची, इंद्रायणी भाताची खाचरं. मोटर कधी लावायची आणि कधी बंद करायची, यावरून तात्या-काकूंचं रोज वाजायचं. म्हटलं, हे काम यंत्रावर सोपवू. टाकीत पातळी मोजणारा सेन्सर सोडला, पडवीत पत्त्याच्या कॅटाएवढा संगणक टांगला आणि शेलमध्ये, म्हणजे संगणकाला लेखी हुकूम सोडायच्या जागी, चार ओळी लिहिल्या. पातळी ९० टक्क्यांच्या वर असेल तर मोटर बंद, नाहीतर चालू.

“एवढ्यासाठी पुण्यात शिकलास व्हय?” तात्या म्हणाले.

शेलमध्ये अट लिहायची तर आधी कंसाचं सोवळं सांभाळावं लागतं. [ हा चौकटी कंस दिसायला विरामचिन्ह, पण खरा तो एक कमांड. त्याच नावाची फाइलही बहुतेक लिनक्स संगणकांवर सापडते. त्याच्या आजूबाजूला मोकळी जागा सोडावी लागते. अंगाला अंग लागलं की विटाळ, मग ‘अशी कमांडच नाही’ म्हणून शेल हात झटकतो. ते सोवळं मी पाळलं होतं. तरी पहिल्या दिवशी मोटर सुरूच होईना. विहीर काठोकाठ, टाकी खडखडीत, काकू कळशी घेऊन पागोळ्यांखाली उभ्या.

ओळ साधी होती: [ $पातळी > ९० ]. शाळेत शिकवलेलं ‘पेक्षा मोठं’चं चिन्ह. पण शेलच्या लेखी त्याचा अर्थ ‘जे निघेल ते या फाइलमध्ये ओत’. माझा संगणक दर मिनिटाला इमानेइतबारे ‘९०’ नावाची रिकामी फाइल तयार करत होता आणि कंसात उरत होती नुसती पातळी, म्हणजे १२. कंसात एकटंदुकटं काहीही दिसलं की शेल म्हणतो, खरं! बारा लिहा, शून्य लिहा, चक्क ‘खोटं’ असा शब्द लिहा. अक्षर आहे ना, मग खरं. पंगतीतला वाढपी असाच. तुम्ही “नको” म्हणा, “पुरे” म्हणा, त्याला एवढंच कळतं की हा गृहस्थ काहीतरी बोलला. पडली जिलबी. तर पातळी बारा, अट खरी, मोटर बंद.

आकड्यांची तुलना करायला शेलमध्ये ‘ग्रेटर दॅन’मधलं जीटी, त्याच्या आधी एक आडवी रेघ, असं लिहितात. ते लिहिलं. मोटर घरघरली. दोन दिवस मला चहा न मागता मिळाला.

मग जुलैतली ती रात्र. पहाटे तात्यांनी गदागदा हलवून उठवलं. डोक्यावर खताच्या गोणीची खोळ, हातात बॅटरी. “आरं, आभाळ फाटलंय आन् तू वरनं मोटर लावलीस?” टाकीतून पाणी धो धो वाहत अंगणातून थेट खाचरात, आणि आदल्या दिवशी लावलेली भाताची रोपं होडीसारखी बांधाकडे निघालेली.

सेन्सरची वायर उंदराने कुरतडली होती. पातळीचा आकडाच आला नाही, म्हणून संगणकाने विचारलं, ‘ ... ९०पेक्षा मोठं आहे का?’ काय मोठं? शेलने ‘युनरी ऑपरेटर एक्स्पेक्टेड’ अशी कुरकुर केली आणि उत्तर दिलं २. इथे खऱ्याला ०, खोट्याला १ आणि प्रश्नच नीट नसेल तर २. पण ‘इफ’ फक्त शून्य आहे का ते बघतो. ‘नाही’ आणि ‘कळलं नाही’ हे त्याच्या एकाच गोणीत जातात. मुलीकडच्यांनी “कळवतो” म्हटलं की आपणही त्याचा अर्थ नकारच घेतो, पण म्हणून कुणी रात्रीतून मोटर लावत नाही. आडात नसेल तर पोहऱ्यात येत नाही, हे ठाऊक होतं. पोहऱ्यात दिसलं नाही म्हणून आड उपसणारा इसम मी प्रथमच पाहिला, आणि तो मीच बनवला होता.

तात्यांना वेगळीच शंका. “शून्य म्हंजे खरं? शाळेत तुला शून्य मिळालं तवा तुझा बाप खरं म्हनला नव्हता.” मी म्हटलं, “तात्या, सकाळी शेजारी ‘काय झालं?’ विचारतो तेव्हा तुम्ही काय म्हणता?” “काय नाय.” “काही नाही म्हणजे सगळं ठीक. ठीक असणं एकाच तऱ्हेचं, बिघाड मात्र नाना तऱ्हांचे, म्हणून १ ते २५५ हे आकडे बिघाडांना.”

मग उत्साहाच्या भरात मी हेही सांगितलं की १९७९ साली युनिक्सबरोबर आलेल्या बोर्न शेलपासून ‘इफ’ मिटवायला तोच शब्द उलटा, ‘फाय’ असा लिहितात. ‘डू’ मिटवायलाही ‘ऑड’ चाललं असतं, पण त्या नावाची कमांड आधीच होती, म्हणून ‘डन’वर भागवलं. तात्यांना याचं नवल नव्हतं. “उलटं आमाला नवं नाय. मुळा नदीचं पानी पूर्वेला जायचं, ते वळवून घाटाखाली भिऱ्याला सोडलं, मुंबईच्या लाईटीसाठी.” १९२१ साली त्यासाठीच्या मुळशी धरणाविरुद्ध इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला, पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात.

दुपारी मी नवी अट सगळ्यांत वर घातली: पातळीचा आकडा मुळात आला आहे का? नसेल तर मोटर बंद आणि माझ्या फोनवर निरोप. तात्यांना वाचून दाखवली. त्यांनी तंबाखू मळत ऐकून घेतलं.

“आन् लाईट गेली तर?”

मी पडवीतल्या संगणकाच्या डब्याकडे पाहिलं. डबा त्याच लाईटीवर. ती गेली की अट खरीही नाही, खोटीही नाही. विचारणाराच जागेवर नाही. हे मनात येतंय तोच पंखा मंदावला आणि थांबला. घाटाखाली आमच्या मुळेवर चाललेली जनित्रं बहुधा फिरतच असावीत.

तात्या उठले. कोयत्याच्या मुठीने टाकी खालून वर वाजवत गेले. बद, बद, बद, आणि मध्यावर आवाज टणत्कारला.

“निम्मी हाय.”

“काय झालं हो?” काकूंनी आतून विचारलं.

“काय नाय,” तात्या म्हणाले.