हसण्यापूर्वीची बैठक

शनिवारी रात्री नऊ वाजता आमच्या घरी जुना विनोदी सिनेमा बघायचं ठरतं आणि सव्वाअकराला आम्ही झोपायला जातो. या दोन घटनांच्या मध्ये सिनेमा येतोच असं नाही.

पूर्वी हे काम सरकारकडे होतं. रविवारी दुपारी चारला दूरदर्शनवर मराठी सिनेमा लागायचा. कोणता, ते सरकार ठरवणार, आपण फक्त चहा टाकायचा. सिनेमा पडेल निघाला तर शिव्या सरकारला आणि संसार सुखरूप. आता निवडीचं स्वातंत्र्य आलं आहे. सिनेमा पडेल निघाला की जबाबदार माणूस त्याच सोफ्यावर, हाताच्या अंतरावर सापडतो.

आमची निवड समिती दोघांची. मी, गेल्या वर्षी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेला. आणि बायको, जी अजून नोकरीत आहे आणि हे कुणी विसरू नये याची काळजी घेते. आई, वय वर्षं ८२, समितीवर नाही. ती आतल्या खोलीत दार उघडं ठेवून जपमाळ ओढत असते. टीव्हीवर खातं चिरंजीवांचं. ते बंगळुरूला असतात. मागच्या खेपेला आले तेव्हा आजीला रिमोटवरचं माइकचं बटण शिकवून गेले. बटण दाबायचं, कीर्तनकारांचं नाव घ्यायचं, कीर्तन सुरू. आई हे तीन मिनिटांत शिकली. मी अजून बटण दाबून बोलायचं की बोलून दाबायचं यात अडकतो. एकदा ते चुकून दाबलेलं राहिलं आणि आमचं अर्धं भांडण टीव्हीने शोधायला घेतलं. ‘तुम्हाला काय कळतं’ या मुद्द्यावर त्याने वास्तुशास्त्राचे सतरा व्हिडिओ काढून दाखवले.

सिनेमा विनोदी हवा आणि जुना हवा, इथपर्यंत एकमत आहे. नव्या विनोदी सिनेमांत पात्रंच एकमेकांच्या विनोदाला इतकी हसतात की आपल्या वाट्याला काही उरत नाही. अडचण येते ती नावापाशी. जुन्या विनोदी सिनेमाचं नाव नवरा-बायकोत घेतलं गेलं की ते नाव राहत नाही, आरोपपत्र होतं.

“‘बिन कामाचा नवरा’ लावू या का?” ही म्हणाली. रंजना आणि अशोक सराफ. उत्तम जोडी, आक्षेप घ्यायला जागा नाही. हिच्या आवाजातही काही नव्हतं. पण मी निवृत्त झाल्याला तेव्हा आठच दिवस झाले होते. मी म्हणालो, आज नको, आज काहीतरी हिंदी बघू. आणि केवळ संजीव कुमारच्या प्रेमापोटी ‘पति पत्नी और वो’चं नाव घेतलं. १९७८चा सिनेमा.

“हा बरा आठवला.”

“संजीव कुमार फार गोड आहे गं त्यात.”

“बायको आजारी आहे असं सांगून सेक्रेटरीला फिरवतो, तोच ना गोड?”

“विनोदी आहे तो.”

“तुमच्या शाखेत ती कोण होती हो, पिकनिकला गाणं म्हणणारी?”

त्या शनिवारी आम्ही २००९ सालची पिकनिक पाहिली. पूर्ण लांबीची, मध्यंतराशिवाय.

पुढच्या शनिवारी सावध होतो. घरगुती, सात्त्विक, काळा-पांढरा काहीतरी काढावा म्हणून ‘मुंबईचा जावई’ म्हणालो. राजा ठाकूरांचा, १९७०चा. इतका चांगला की बासू चटर्जींनी दोन वर्षांत त्याचा हिंदीत ‘पिया का घर’ केला. नवं लग्न झालेली दोघं, चाळीतली टीचभर जागा, घरात माणसंच माणसं आणि दोघांना बोलायला कोपरा नाही. मी एवढं वर्णन पूर्ण केलं आणि आतल्या खोलीतली जपमाळ थांबली. हिला ती थांबलेली ऐकू आली. मला गेल्या ३१ वर्षांत एकदाही ऐकू आलेली नाही, हा माझ्यावरचा जुनाच आरोप आहे. “राहू दे,” ही कुजबुजली, “तो बघायला आपल्याला बाहेरगावी जावं लागेल.”

मग ‘लाखाची गोष्ट’. राजा परांजपे, ग. दि. माडगूळकर, १९५२. यात तरी कुणाला लागण्यासारखं काही नाही असं वाटलं होतं. मुलीचा बाप होणाऱ्या जावयाच्या हाती एक लाख रुपये देतो आणि महिन्याभरात उडवून दाखव म्हणतो, पैसे काही संपता संपत नाहीत. ही ते ऐकून विचारात पडली. “यात विनोद कुठे आहे?” म्हणाली. “डोंबिवलीत फडके रोडला पाऊण तास पुरे की.” आणि मग माझी निवृत्तीची रक्कम कोणत्या मुदत ठेवीत आहे, या विषयाकडे वळली. गोष्ट लाखाचीच झाली, सिनेमा मात्र राहिला.

बरेच शनिवार असे गेल्यावर मला एक शोध लागला. आपले सगळे चांगले जुने विनोदी सिनेमे थापेवर उभे आहेत, आणि थाप जवळच्या माणसाला मारलेली असते. घरमालकीण, सासरा, साहेब, साडूच्या घरचे. ‘धूमधडाका’त अशोक सराफ खोटा श्रीमंत बाप होतो. ‘चुपके चुपके’त वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक ड्रायव्हर होऊन बायकोच्याच नातेवाइकांची गाडी चालवतो. ‘अशी ही बनवाबनवी’त जागा मिळावी म्हणून दोघं साड्या नेसतात. आज त्या चौघांना अकरा महिन्यांचा करार, आधार कार्ड आणि पोलिस पडताळणी लागली असती आणि सिनेमा दहाव्या मिनिटाला भाडेनोंदणीच्या कार्यालयात संपला असता. ‘गोलमाल’मधली आई तर एका व्हिडिओ कॉलवर उघडी पडली असती. आता थाप मारायची सोयच राहिली नाही. घरात दोघांचं लोकेशन एकमेकांना दिसतं. त्यामुळे दुसऱ्यांनी मारलेल्या थापा शेजारी-शेजारी बसून बघताना आपलं माणूस नेमकं कुठे हसतंय, याच्यावर फार बारीक लक्ष ठेवलं जातं.

‘गोलमाल’चं सांगायचं तर तो आमच्याकडे चालतो, पण मला महाग पडतो. १९७९चा. अमोल पालेकरांचा रामप्रसाद आणि लक्ष्मणप्रसाद, आणि भवानीशंकर झालेले उत्पल दत्त. दोन माणसांतला सगळा फरक एका मिशीचा. उत्पल दत्त त्या मिशीकडे ज्या श्रद्धेने बघतात तसं कुणी आमच्या मुदत ठेवींकडेही बघितलेलं नाही. माझ्या मते हिंदी विनोदातला तो सर्वांत मोठा अभिनय आहे, आणि यावर मी वाद घालत नाही. पण ही बघते पालेकरांकडे. पालेकर कधीकाळी बँकेत नोकरीला होते, ही माहिती मीच मोठ्या उत्साहाने हिला दिली. तेव्हा वाटलं होतं की त्यामुळे माझं वजन वाढेल. “मग तुम्हाला कुणी का नाही घेतलं?” ही म्हणाली. आणि सिनेमा संपल्यावर, दिवा मालवताना, “लग्नाआधी मला तुम्ही लक्ष्मणप्रसाद वाटला होतात.”

मी ‘अंगूर’चा माणूस. गुलजारांचा, १९८२चा. शेक्सपिअरचं नाटक इतकं आपलंसं करून घेतलं आहे की शेक्सपिअरच भाषांतर करत होता की काय असं वाटावं. दोन संजीव कुमार, दोन देवेन वर्मा, आणि त्यातला एक संजीव कुमार रहस्यकथा वाचून-वाचून आख्खं गाव आपल्या पैशांच्या मागे लागलेली टोळी आहे असं समजतो. हा सिनेमा मी हिच्यासोबत कितीदा पाहिला असेल, मोजदाद नाही. मागच्या वेळी मात्र मी बोलून गेलो, “कमाल आहे, घरात आलेला नवरा दुसराच आहे हे मौशुमी चटर्जीला कळतच नाही.” हिने पॉपकॉर्नवरून मान वर केली नाही. “कळूनही गप्प बसली असेल. हा दुसरा जरा बरा वागत असेल.”

सिनेमा ठरला तरी तो सापडणं ही वेगळीच यातायात. पैसे भरलेल्या ॲपांवर जुना मराठी सिनेमा असेलच असं नाही. मग फुकटच्या व्हिडिओंच्या ढिगाऱ्यात उतरायचं. तिथे तो तीन तुकड्यांत असतो आणि दुसरा तुकडा नसतो. किंवा चोरून टाकणाऱ्याने पकडलं जाऊ नये म्हणून चित्र आरशासारखं उलटं केलेलं असतं. सगळी पात्रं डाव्या हाताने जेवतात, दुकानांच्या पाट्या उजवीकडून डावीकडे वाचाव्या लागतात आणि शरद तळवलकर भलत्याच बाजूने चिडतात. विनोद पिकायच्या नेमक्या क्षणी पोट कमी करण्याच्या पावडरची जाहिरात येते. ती आली की ही माझ्या पोटाकडे बघते. या एका बाबतीत जाहिरातवाल्यांची वेळ दामुअण्णा मालवणकरांच्या तोडीची आहे.

शेवटचा उपाय म्हणून ‘बनवाबनवी’ आहेच. १९८८ सालचा. मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या १९६६च्या ‘बीवी और मकान’ची, पण मराठी माणसाला हे सांगितलं तर तो दुखावतो, म्हणून हळू सांगतो. वाद झाला की लोक तहासाठी हा सिनेमा लावतात असं ऐकून आहे. आमच्याकडे त्यावर बंदी आहे. दोघांनाही तो तोंडपाठ. सुधीर जोशींनी सत्तर रुपयांचा विषय काढायच्या आत मी काढायचो, अशोक सराफांनी ते वारल्याचं सांगायच्या आत ही सांगायची. मग हिचं म्हणणं पडलं की मी हिची वाक्यं खातो. सिनेमातल्या नटांना आम्ही दोघांनी बोलू दिलेलं नाही, अशी साधारण दहा वर्षं गेली. शेवटी समितीने ठराव करून तो पाहुणे आल्यावरच लावायचा असं ठरवलं.

तर गेल्या शनिवारीही काही ठरलं नाही. सव्वाअकरा झाले, आम्ही उठलो, रिमोट टीपॉयवर ठेवला. सकाळी चिरंजीवांचा फोन. फोन स्पीकरवर होता. आमच्याकडे तो स्पीकरवरच असतो, कारण वर सांगितल्याप्रमाणे थापेची सोय राहिलेली नाही.

“बाबा, तब्येत बरी आहे ना?”

“का रे?”

“नाही, माझ्या खात्यावर दिसतं सगळं. या आठवड्यात मध्यरात्री साडेबाराला ‘सोंगाड्या’ लावलाय. सोमवारी. मग बुधवारी. मग काल. तीनदा, बाबा.” आवाज खाली आणून म्हणाला, “आईला माहीत आहे का?”

आई समोरच होती. माझ्या मुलाची आई, म्हणजे ही. तिने पोळीचं उलथनं खाली ठेवलं. मी दादा कोंडक्यांचा द्वेष्टा नाही. ज्यांच्या सिनेमासाठी दादरच्या कोहिनूर थिएटरवर बाळासाहेब ठाकऱ्यांना उतरावं लागलं, ज्यांचे एकामागोमाग एक नऊ सिनेमे रौप्यमहोत्सवी झाले, त्यांना नावं ठेवणारा मी कोण? पण रात्री साडेबाराला बायको घोरत असताना चोरून उठून ‘सोंगाड्या’ बघणारा निवृत्त नवरा, हे चित्र मला स्वतःलाच पटण्यासारखं दिसू लागलं. ‘मी नाही लावला,’ म्हणालो. मी खरं तेच सांगत होतो आणि तोंडावर मात्र रामप्रसादचा चेहरा आला होता.

“मी लावला,” आतून आवाज आला.

आम्ही दोघं दारात गेलो. आई जपमाळ पिशवीत ठेवत होती.

“तुझ्या वडिलांनी मला तो बघू दिला नव्हता. घरंदाज बायकांनी बघण्यासारखा नाही म्हणाले. तू अडीच-तीन वर्षांचा होतास. आणि स्वतः सचिवालयात ऑडिट आहे म्हणून तीन संध्याकाळी उशिरा आले. शर्ट धुवायला घेतला तर खिशात तिकिटं.”

भिंतीवर बाबांचा फोटो आहे, चंदनाच्या हारातला. तिघांनीही तिकडे बघायचं टाळलं.

“मग तू काही बोलली नाहीस?” मी विचारलं.

“ऑडिट संपलं का, एवढंच विचारलं. हो म्हणाले.”

हिने पदराचं टोक तोंडावर धरलं होतं. “पण आई, रात्री आम्हाला आवाज कसा आला नाही?”

“आवाज बंद ठेवला होता. तुमची झोपमोड कशाला करायची?”

“बिनआवाजाचा ‘सोंगाड्या’?” फोनमधून चिरंजीव म्हणाले. त्याला आम्ही विसरलोच होतो.

“हो ना. म्हणून तर तीनदा लावावा लागला. एवढं काय होतं त्यात, काही केल्या कळेना.” आईने चष्मा पुसला. “आता पुढच्या शनिवारी तुमचं ठरलं तर मला हाक मारा. नाही ठरलं तर रिमोट माझ्या उशाशी ठेवा, आणि झोपताना तुमच्या खोलीचं दार लावून घ्या. मला आवाज मोठा करायचाय.”