चाखणीस

फडणीस झाले, चिटणीस झाले, पोतनीस झाले. चाखणीस हे पद मात्र कुठल्याही दरबारात नव्हतं. ते आमच्याकडे टोकियोच्या निशि-कासाईत निघालं. या भागात भारतीय आयटीवाल्यांची इतकी दाटी आहे की संध्याकाळी स्टेशनबाहेर उभं राहिलं तर दोन-तीन ओळखीचे सहज भेटतात. त्यांतला जो भेटल्याभेटल्या पिशवीत हात घालून "हे बघितलंस का?" म्हणतो, तो चाखणीस.

चाखणीसाला भूक नसते. त्याला फक्त शंका असते, की ही चव जगात आली आणि आपल्याला कळलीच नाही तर? बायकोने दूध आणायला पाठवलं की तो दूध विसरतो आणि सोयादुधाचे २०० मिलीचे कागदी डबे घेऊन येतो. जपानी सुपरमार्केटातला तो कप्पा एकदा पाहिलात तर त्याची थोडी कीव येईल. केळं, काळे तीळ, माचा, माल्ट कॉफी हे तिथले सभ्य रहिवासी. त्यांच्या शेजारी हंगामाप्रमाणे चेस्टनट येतं, आलं येतं, चॉकलेट-मिंट येतं, एकदा तर कोला आला होता. सोयाबीनमध्ये कोला हे वाचून शहाणा माणूस पुढे सरकतो. चाखणीस दोन डबे उचलतो. एक स्वतःसाठी, एक आपल्यासाठी.

डब्याच्या पाठीला चिकटवलेली स्ट्रॉ तो वापरत नाही. "स्ट्रॉने वास कळत नाही." म्हणून कात्रीने कोपरा कापून तो ते दूध साताऱ्याहून आणलेल्या स्टीलच्या वाटीत ओततो आणि वाटी नाकाशी धरून डोळे मिटतो. पहिला घोट मोठ्या अपेक्षेने, दुसरा संशयाने आणि तिसरा समोरच्याला. एकही डबा त्याने आजवर संपवलेला नाही. उरलेलं सगळं त्याची बायको फ्रीजरमध्ये टाकते. किक्कोमान कंपनी स्वतःच हे डबे गोठवून आइस्क्रीमसारखे खा म्हणून सुचवते, हे तिने शोधून काढलं. त्या घरातलं एकमेव उपयोगी संशोधन तिच्या नावावर आहे, पण त्याबद्दल ती बोलत नाही. बोलायला तिला वेळ मिळत नाही.

कारण बोलतो तो. सोयादुधाचे तीन वर्ग त्याला पाठ आहेत. जपानी मानक १९८१ सालचं. सोयाबीनचे घन घटक किमान ८ टक्के असले तर नुसतं सोयादूध, ६ टक्के असले तर जुळवलेलं, आणि ४ टक्क्यांवर आलं की सोयादुधाचं पेय. "सगळ्या गमतीजमती या चार टक्केवाल्यांत!" हे तो अशा आवाजात सांगतो की ऐकणाऱ्याला उगीच आपल्या पगारवाढीची आठवण होते. मग हिरवट वासाचं शास्त्र. भिजवलेले दाणे वाटले की त्यांतलं लिपॉक्सिजनेज नावाचं एन्झाइम तेलावर तुटून पडतं आणि तो वास सुटतो. कडक तापवलं की ते थंडावतं. हे सगळं बरोबर आहे, मी पडताळून पाहिलंय. त्याच्याशी वाद घालता येत नाही, खरं दुःख तेच आहे.

कोणी नाक मुरडलंच, तर त्याच्याकडे हुकमाचा एक्का असतो. "गांधीजींनी १९३५ साली वर्ध्याच्या मगनवाडीत सोयाबीनचे प्रयोग केले होते, माहितीये?" यावर माणूस निमूटपणे वाटी तोंडाला लावतो. फक्त लातूरकडचे त्याचे मामा दबले नाहीत. फोनवर ते म्हणाले, "आम्ही सोयाबीन आडतीवर घालतो आणि भाव ऐकून घरी येतो. प्यायची इच्छा तिथंच मरते."

पण त्याची खरी कसोटी लागली ती कार्तिकी एकादशीला. जपानात शरद ऋतू आला की रताळ्याला राजयोग येतो. तापलेल्या दगडांवर भाजलेली रताळी, त्यांच्या मिठाया, त्यांचं आइस्क्रीम, आणि अर्थात भाजक्या रताळ्याच्या चवीचं सोयादूध. तो डबा चाखणीसाच्या हाती पडला नेमका एकादशीला सकाळी. रताळं उपासाला चालतं. सोयाबीनचं काय? कापलेला डबा ओट्यावर, वाटी तयार, आणि धर्मशास्त्र आडवं आलेलं. जपानचं घड्याळ साडेतीन तास पुढे. साताऱ्यात उजाडेपर्यंत तो स्वयंपाकघरात येरझारा घालत राहिला. मग व्हिडिओ कॉल लावला. आम्ही शेजारी साक्षीला होतोच, कारण दुसरा डबा आमच्या नावाचा होता.

"आई, रताळ्याचं सोयादूध उपासाला चालतं का गं?"

"रताळं चालतं. सोयाबीन म्हणजे कडधान्यच ना? मग नाही चालत."

"अगं, पण फक्त चार टक्के आहे!"

"उपास काय टक्क्यांनी मोडतो का रे?"

चाखणीस प्रथमच निरुत्तर झाला. आईलाच दया आली असावी. "बरं, लागतं कसं ते?" तिने विचारलं.

एक थेंबही जिभेवर पडलेला नव्हता. पण त्याने डोळे मिटले, वाटी नाकाशी नेली आणि सुरू झाला. आधी सालीचा करपट वास येतो, मग रताळ्याचा मऊ गोडवा, मग तो गोडवा घशाशी जरा रेंगाळतो आणि मागून हळूच डाळीचं पाणी येतं. त्याची बायको माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे.

आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे पुरणाचा कट," ती म्हणाली. "त्याची आमटी करतात रे. तिला सांग, उद्या द्वादशीला फोडणी दे म्हणावं."