आधी बॉम्ब, मग भूगोल

‘अग्रबा शहरावर बॉम्ब टाकावेत का?’

डिसेंबर २०१५ मध्ये पब्लिक पॉलिसी पोलिंग या संस्थेनं अमेरिकी मतदारांना हा प्रश्न विचारला. रिपब्लिकन मतदारांपैकी ३० टक्के म्हणाले, टाका. १३ टक्के म्हणाले, नको. डेमोक्रॅट मंडळी मनानं हळवी. त्यांच्यातल्या ३६ टक्क्यांना अग्रबाची दया आली, १९ टक्क्यांना तेवढीही नाही.

अग्रबा हे डिस्नेच्या ‘अल्लादीन’ या कार्टूनपटातलं शहर. एक सुलतान, एक पाळीव वाघ, एक चोरटं माकड आणि एक उडता गालिचा, एवढंच काय ते तिथलं संरक्षण दल. दिव्यातला जिन जमेस धरायचा की नाही, ते पेंटागॉननं ठरवावं. ज्यांनी बॉम्बला विरोध केला त्यांनाही हे गाव कुठल्या खंडात आहे असा प्रश्न पडला नाही, हे मला जास्त आवडलं.

गाव खरं असलं तरी फार फरक पडत नाही. २०१४ साली रशियानं क्रिमिया गिळल्यावर तीन अभ्यासकांनी दोनेक हजार अमेरिकनांपुढे जगाचा नकाशा ठेवला आणि युक्रेनवर बोट ठेवायला सांगितलं. सहातल्या एकाला जमलं. निम्म्या लोकांचं बोट तर साधारण १,८०० मैलांनी किंवा त्याहून जास्त चुकलं, म्हणजे शिकागो दाखवायला जावं आणि लॉस एंजेलिस दाखवावं. गंमत पुढेच आहे. ज्याचं बोट जितकं लांब, तितका तो ‘फौजा पाठवा’ म्हणायला उतावीळ.

खर्चाचं नावही काढू नका. २०१० च्या एका पाहणीत लोकांना वाटत होतं, सरकारी खर्चातले २५ टक्के परदेशांना मदत म्हणून जातात. छे, उधळपट्टी! १० टक्क्यांवर आणा, असं त्यांनी बजावलं. प्रत्यक्षात जात होता जेमतेम एक टक्का. कपातीच्या नावाखाली दसपट देणारा असा करदाता आमच्या अर्थमंत्र्यांच्या स्वप्नातही येत नसेल.

मार्च २००३ मध्ये इराकवर हल्ला झाला तेव्हा दहातले सात अमेरिकन खूश होते. २००८ मध्ये दहातले सहा म्हणाले, चूकच झाली. तोवर बगदादचं व्हायचं ते होऊन गेलं होतं.

आणि हो, ‘अल्लादीन’ची गोष्ट आधी बगदादमध्येच घडणार होती. १९९१ चं आखाती युद्ध झालं, म्हणून डिस्नेनं शहराचं नाव बदलून अग्रबा ठेवलं.