हा बूट सैल होणार नाही

"घाला चार दिवस, आपोआप सैल होईल." सायकलचे बूट विकणाऱ्यांनी हे वाक्य बोलणं आता थांबवलं पाहिजे. कोल्हापुरी चप्पल आठवडाभर चावते आणि मग पायाची होते, कारण ते कातडं आहे. सायकलच्या बुटाचा तळ असतो कार्बनचा, नाहीतर टणक नायलॉनचा. पायाचा सगळा जोर पेडलवर जावा म्हणून तो मुद्दाम न वाकणारा केलेला असतो. वरचं कृत्रिम कापडही ताण धरून राहणारं. सैल व्हायचं ते कुठून? दुकानात करंगळीला लागलेला बूट वर्षाने करंगळीलाच लागतो.

साध्या बुटात थोडं इकडेतिकडे खपून जातं. चालताना पाऊल दर वेळी जरा वेगळं पडतं, बोटं वाकतात, रक्त खेळतं राहतं. सायकलवर ही सवलत नाही. १९८५ साली बर्नार्ड इनोने लूक कंपनीच्या नव्या पेडलवर टूर द फ्रान्स जिंकली, त्यानंतर पाय बांधायचे जुने पट्टे मागे पडत गेले आणि बुटाच्या तळाला स्क्रूने बसवायची, पेडलमध्ये अडकणारी क्लीट रुळली. तिथे पाय जो अडकतो तो उतरेपर्यंत. मिनिटाला ८० फेऱ्या धरा, तासाला ४,८०० होतात. तेवढ्या वेळा दाब, चवड्याच्या त्याच जागेवर. बीआरएम म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी; २०० किलोमीटरच्या बीआरएमला साडेतेरा तासांची मुदत असते. त्यातले नऊ तास जरी पेडल मारलं तरी फेऱ्या ४३ हजारांवर जातात. बूट अरुंद असेल तर चवड्याची हाडं एकमेकांवर दाबली जातात आणि त्यांच्यामधून बोटांकडे जाणाऱ्या नसा चिमटतात. आधी मुंग्या येतात, मग बोटं बधिर होतात, मग तळव्याची आग सुरू होते.

रविवारी सकाळी पुण्याहून साताऱ्याकडे निघालेली मंडळी खंबाटकी चढून चहाला थांबतात, तिथे पाहा. सायकल टेकवली की पहिला हात पाण्याच्या बाटलीकडे जात नाही, बूट आवळायच्या डायलकडे जातो. तार ढिली केलेली, बूट अर्धा काढलेला, मोजा घामाने ओला आणि करंगळीच्या बुंध्याशी लालभडक वळ. अंगठ्याने तो चोळत माणूस म्हणतो, "घाटात होतंच असं." घाटात असं होत नाही. चुकीच्या बुटात होतं.

आणि बूट चुकतो तो बहुधा रुंदीत. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरात ७९ ठिकाणी १,०१,८८० माणसांचे पाय मोजले. आपले पाय युरोपीय आणि अमेरिकी पायांपेक्षा रुंद असतात, असं त्यातून निघालं. या पाहणीवरून 'भा' नावाची भारतीय मापपद्धतीही सुचवली गेली. पण आपल्या सायकलच्या दुकानातल्या काचेमागे अजून परदेशी साच्यावर बेतलेले बूटच उभे असतात. इटालियन बूट तर अरुंद म्हणूनच ओळखले जातात. पाय आपले, साचा दुसऱ्याचा आणि पैसे मात्र पूर्ण.

मग ठरलेला सल्ला येतो: "एक नंबर मोठा घ्या." लांबी वाढवून रुंदी मिळवायचा हा उद्योग आपण शाळेच्या बुटांपासून करत आलो. सायकलच्या बुटात तो सर्वात महागात पडतो. टाच बुटाच्या मागच्या कडेला टेकलेली असते, म्हणजे पाय मोजला जातो टाचेपासून. बूट मोठा घेतला की तळाची स्क्रूची भोकं पुढे सरकतात, चवडा मात्र होता तिथेच राहतो. क्लीट यायला हवी चवड्याखाली, ती येते बोटांकडे. पूर्ण मागे ओढली तरी कधी कधी पुरत नाही. त्याचा भार पोटरीवर आणि टाचेमागच्या जाड शिरेवर पडतो. वर टाच उचलली जाऊन सोलवटते ती वेगळीच. गुडघा दुखतोय म्हणून सीट वर-खाली करत बसलेले लोक मी पाहतो, तेव्हा त्यांना आधी बूट काढायला सांगावंसं वाटतं.

मुळात नंबर हीच कच्ची गोष्ट आहे. युरोपीय नंबरात एका घराचा फरक सुमारे पावणेसात मिलिमीटरचा, ब्रिटिश नंबरात सुमारे साडेआठ. दोन्ही एकमेकांवर नीट बसतच नाहीत, म्हणून प्रत्येक कंपनीचा तक्ता निराळा. 'मला बेचाळीस लागतो' याला एका कंपनीपुरताच अर्थ आहे.

तेव्हा पाय मोजा. संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो आणि उन्हात सायकलवर तो आणखी फुगणार असतो. जे मोजे घालून सायकल चालवता तेच घाला. भिंतीला टाच टेकवून कागदावर पूर्ण वजन देऊन उभे राहा. बसून मोजलेला पाय खोटा असतो, वजन पडलं की तो लांबतो आणि पसरतो. पेन्सिल दुसऱ्याच्या हातात द्या, तुम्ही वाकलात की वजन सरकतं. टाचेपासून सर्वात लांब बोटापर्यंत लांबी घ्या. हे बोट अंगठाच असतं असं नाही. मग चवड्याची रुंदी. दोन्ही पाय मोजा आणि मोठ्याचं माप धरा. हे सेंटिमीटर कंपनीच्या तक्त्याशी ताडून पाहा.

दुकानात गेल्यावर बुटातली गादी बाहेर काढा, खाली ठेवा आणि तिच्यावर उभे राहा. पायाची कड गादीबाहेर सांडत असेल, तर तो बूट पायात घालायचेही कष्ट घेऊ नका. गादी पुरली तर बूट चढवा, आवळा आणि निदान दहा मिनिटं पायात राहू द्या. टाच उचलली जाता कामा नये, बोटांना हलायला जागा हवी आणि चवड्याला मिठी हवी, चिमटा नको. पुढे धावायच्या बुटाएवढी मोकळी जागा लागत नाही, थोडी पुरते. दुकानात सायकल स्टँडवर लावलेली असेल तर बसून पेडल मारा. विक्रेता घाई करेल, करू द्या. दहा-पंधरा हजार रुपये तुमचे जाणार आहेत.

ऑनलाइन मागवणाऱ्यांना एकच सांगतो: परत घेण्याची अट आधी वाचा, क्लीट नंतर बसवा. क्लीटचे ओरखडे पडलेला बूट परत घ्यायला दुकानदार सहसा तयार होत नाही.

रुंद पायाचे बूट जगात बनतच नाहीत, असं मुळीच नाही. शिमानो काही बूट रुंद मापात काढते, लेक आणि बॉन्ट यांचं तर त्यासाठीच नाव आहे. आपल्याकडे ते मांडणीत क्वचित दिसतात, कारण गिऱ्हाईक मागत नाही. गिऱ्हाईक मागत नाही, कारण आपला पाय रुंद आहे हे त्याला कुणी मोजून दाखवलेलंच नाही. हजारो रुपयांचे बूट विकणाऱ्याने पाय मोजायची पट्टी ठेवायलाच हवी. पुढच्या वेळी बूट घ्यायला गेलात, की नंबर सांगू नका. आधी विचारा, "पाय कशाने मोजता?" पट्टी निघाली नाही, तर तिथून उठा आणि दुसरं दुकान गाठा.